कोयता आत आहे

माझ्या आईशी वाद घालून जिंकलेलं माणूस सारसोळ्यात अजून जन्मायचंय. मी बेलापूरच्या कोर्टात वकिली करते, समोरच्या वकिलाला घाम फोडते असं माझे अशील म्हणतात, पण घरात पाऊल टाकलं की मी कायमची आरोपी. आईचं नाव शेवंताबाई. ती खाडीतून शिंपल्या, चिंबोऱ्या काढते आणि नेरूळच्या बाजारात मासळी विकते. तिच्या त्याच पैशांवर मी शिकले, हे ती मला कधी ऐकवत नाही. ऐकवलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

गोष्ट गेटची आहे. आमच्या गावामागून एक पायवाट तिवरांतून थेट खाडीच्या धक्क्यावर जाते. कुणी बांधली नाही, पाय पडून पडून झाली. काही वर्षांपूर्वी तिथे लाल रंगाचा जॉगिंग ट्रॅक आला, बाकडी आली, झाडांच्या नावांचे फलक आले. ट्रॅक चांगलाच आहे. मीही तिथे चालायला जाते, उगाच खोटं कशाला बोला. मग रात्री तिथे दारूच्या बाटल्या सापडायला लागल्या, सीवूड्सकडच्या सोसायट्यांनी तक्रारी केल्या आणि देखभाल करणाऱ्या कंपनीने वाटेच्या तोंडावरच लोखंडी गेट बसवलं. सकाळी पाच ते नऊ उघडं, संध्याकाळी पाच ते आठ उघडं. बाकीच्या वेळी कुलूप.

चालायला येणाऱ्यांना ही वेळ सोयीची आहे. पण ओहोटी रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. चिखल उघडा पडेल तेव्हा बायकांना आत जायला हवं आणि पाणी चढायच्या आत बाहेर यायला हवं. महिन्यातले थोडे दिवस गेटचं आणि ओहोटीचं जमतं, बाकीचे दिवस बायका कुलपाशी मासळीच्या पाट्या घेऊन उभ्या. पोरं कुंपणावरून उड्या मारतात. साठीच्या बाईने डोक्यावर भरली पाटी घेऊन उडी कशी मारायची? मी कंपनीच्या साहेबांना हे समजावायला गेले तर ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या लोकांनी थोडं टाइम ॲडजस्ट करावं." माझ्या लोकांनी खाडीलाच निरोप पाठवावा अशी त्यांची अपेक्षा असावी.

मी कोर्टात दावा लावला. गावाची पूर्वापार वहिवाट आहे, ती अडवता येणार नाही, असा. दावा लावणं सोपं, तारखा मोजणं कठीण. घरी मी आईला बजावून ठेवलं होतं, "आये, काही झालं तरी ये-जा तुटता कामा नये. एकदा का आपण जायचं थांबलो, की समोरचा म्हणणार, बघा, यांना वाटेची गरजच नव्हती."

"आनि कुलूप हाय त्याचा काय करू? फुंकर मारू?" आई म्हणाली.

मी तारखांची डायरी उघडून बसले.

शेवटी देवळाच्या मांडवात गावकी बसली. पोरांचं म्हणणं, कुलूप तोडू. मी उभी राहून म्हटलं, कुलूप तोडलंत तर दावाही तुटला समजा. रीतसर परवानगी काढू, गेटसमोरच्या मोकळ्या जागेत शांतपणे बसू. पोरांनी तोंडं वाकडी केली. पण बायका तयार झाल्या, कारण उन्हात बसून राहायची सवय त्यांना आहेच. तारीख आईने ठरवली. अष्टमीचा भांग धरला. भांगाच्या दिवसांत भरती-ओहोटीला जोर नसतो, खाडीत मिळकतही कमी, म्हणजे कुणाचा धंदा बुडायला नको. आमच्याकडे आंदोलनसुद्धा पाणी बघून ठरतं.

अर्जावर आयोजक म्हणून मी सही केली. पोलिसांनी परवानगी दिली ती अटींसकट. दोरी बांधलेल्या जागेतच बसायचं, रस्ता अडवायचा नाही, भोंगा लावायचा नाही, चार वाजता उठायचं, लाठ्याकाठ्या, शस्त्रं किंवा धारदार वस्तू आणायच्या नाहीत, अट मोडली की परवानगी रद्द. मी एकेक अट मांडवात वाचून दाखवली. शस्त्रांची अट आली तेव्हा खाडीत आईच्या जोडीने जाणारी प्रेमलाकाकी पदर तोंडाला लावून हसायला लागली. "आमच्याकरं कंचा शस्त्र गो? जीभ हाय तेवरी." सगळ्याजणी हसल्या. मीही हसले.

त्या हसण्यातच आमचं चुकलं.

त्या दिवशी बायकांनी बाजार लवकर आवरला आणि तिथूनच परस्पर येऊन बसल्या. आता कोळणीने गाळा बंद केला की मासळी कापायचा लाकडाचा ओंडका गाळ्यावर राहतो, पण कोयता तिच्याबरोबर घरी येतो. तो कुणी मागे ठेवत नाही. आईकडून लेकीला, सासूकडून सुनेला आलेली वस्तू ती. फडक्यात गुंडाळायची, पाटीच्या तळाशी ठेवायची, वर डबा, पाण्याची बाटली. हे इतकं अंगवळणी पडलेलं आहे की बायकांना आपल्याजवळ कोयता आहे हेच आठवत नाही. मलाही आठवलं नाही. मी तर त्या पाटीशेजारी बसून अभ्यास केलेला.

सकाळ छान गेली. दोरीच्या आत बायका ओळीने बसल्या होत्या, पोरं मागे उभी. दोन कॉन्स्टेबल झाडाखाली खुर्च्यांवर. रस्त्याने जाणारे काहीजण थांबून विचारपूस करत होते. एका आजोबांनी तर आमच्यात बसून पाठिंबा दिला आणि गुडघे दुखायला लागल्यावर उठून गेले. ऊन चढलं. प्रेमलाकाकीने सगळ्यांसाठी कलिंगड आणलं होतं. तिने पाटीत हात घातला, फडकं सोडलं आणि कोयत्याच्या एका घावात कलिंगड दोन केलं. पहिली फोड तिने झाडाखालच्या कॉन्स्टेबलला नेऊन दिली, दुसऱ्या हातात कोयता तसाच. त्याने फोड घेतली, थँक्यू म्हणाला, आणि मग कोयत्याकडे लक्ष गेल्यावर ती त्याच्या घशातच अडकली.

तोवर रस्त्यावरच्या कुणीतरी व्हिडिओ काढला होता. त्यात कलिंगड नव्हतं. पोलिसाकडे कोयता घेऊन निघालेली बाई तेवढी होती. खाली लिहिलं होतं, आंदोलकांच्या हातात कोयते. पेपरात कोयता गँगच्या बातम्या वाचून माणसं आधीच धास्तावलेली. अर्ध्या तासात तो व्हिडिओ सोसायट्यांच्या सगळ्या ग्रुपवर फिरला, आणि गाडीतून इन्स्पेक्टर साहेब उतरले.

साहेब घाटावरचे, पन्नाशीचे, आवाज न चढवता बोलणारे. त्यांनी एक पाटी उघडायला लावली. मग दुसरी. मग सगळ्या. प्रत्येक पाटीत कोयता.

"मॅडम," ते मला म्हणाले, "अटी तुम्ही वाचल्या होत्या ना?"

माझ्या डोक्यात युक्तिवादांची रांग लागली होती. हे हत्यार नाही, अवजार आहे. घरकामाच्या वस्तूंना कायदा शस्त्र मानत नाही. हेतू बघा, कलिंगड बघा. हे सगळं मी कोर्टात मांडलं असतं आणि बहुतेक जिंकलेही असते, दोन-तीन वर्षांनी. पण अटीत धारदार वस्तू असं स्वच्छ लिहिलं होतं आणि खाली माझी सही होती.

शिवाय एक गोष्ट मला आतून टोचत होती. शांततेने आणि शस्त्रांशिवाय एकत्र जमण्याचा हक्क, हे घटनेतलं वाक्य मी कॉलेजपासून पाठ म्हणत आलेय. म्हणताना जोर नेहमी हक्कावर. शस्त्रांशिवाय हा शब्द दुसऱ्यांसाठी आहे, गुंडांसाठी आहे, असंच मी धरून चालले होते. उद्या गेट हवंच म्हणणारी माणसं हातात कोयते घेऊन माझ्या आईसमोर बसली, आणि हे आमचं अवजार आहे म्हणाली, तर? मी पहिला फोन पोलिसांनाच केला असता. मग आज पोलीस आले तर मी कुठल्या तोंडाने ओरडू?

"साहेब, चूक आमची आहे," मी म्हटलं. "अट बरोबर आहे. कोयते इथे असायला नको होते."

मागून प्रेमलाकाकी कडाडली, "तू कोनाची वकील गो? त्याची का आमची?" पोरांपैकी कुणीतरी शिवी हासडली, ती मला होती की पोलिसांना हे कळलं नाही. आई मात्र फडक्याची घडी घालत बसली होती. ती अशी घड्या घालायला लागली की मला जास्त भीती वाटते.

साहेबांची गंमत अशी झाली की ते भांडायच्या तयारीने आले होते. मी कबूल केल्यावर तेच अडचणीत आले. "परवानगी रद्द करतो, घरी जा," ते म्हणाले, आणि लगेच थांबले. कारण रद्द करायची म्हणजे एवढ्या बायका कोयते घेऊन भर रस्त्याने गावाकडे निघणार. त्याचा व्हिडिओ कसा दिसला असता ते त्यांनाही दिसलं, मलाही.

"मग कोयते पोलिसांकडे द्या."

तेव्हा आई पहिल्यांदा बोलली. "द्यायचा नाय. धार हातात देत नाय आमच्यात. खाली ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. हातात दिला तं भांडान लागतं."

"भांडण लागलेलंच आहे की मावशी," साहेब म्हणाले.

"तुमच्याशी नाय लागला अजून," आई म्हणाली.

ते हसले. खरं हसले. जप्त करायचे म्हटलं तर प्रत्येक कोयत्याचा पंचनामा, साक्षीदार, गुन्हा, आणि गुन्हा कुणावर, तर कलिंगड कापणाऱ्या बायांवर. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. गेटच्या आत लगेचच वॉचमनची केबिन होती. वॉचमन शिवराम, साताऱ्याकडचा भला माणूस, गजांना धरून सगळा तमाशा बघत उभा होता.

"कोयते त्या केबिनमध्ये ठेवा," साहेब म्हणाले. "तुमच्या हाताने ठेवा. मग बाहेर येऊन चारपर्यंत बसा. शिवराम, गेट उघड."

"साहेब, पाचशिवाय उघडायची ऑर्डर नाय," शिवराम म्हणाला.

"मी सांगतोय."

कुलूप निघालं. भर दुपारी ते गेट उघडलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. बायका रांगेने आत गेल्या, एकेकीने वाकून आपला कोयता केबिनच्या जमिनीवर ठेवला. आई सर्वांत शेवटी. ती उंबऱ्याशी थांबली आणि मागे वळून म्हणाली, "साहेब, आमची वस्तू आमाला कवा भेटल?"

"तुमचीच आहे मावशी. कधीही या, घेऊन जा. कुणी अडवणार नाही. शिवराम, ऐकलंस ना?"

शिवरामने मान डोलावली. तिथे हजर असलेल्या सगळ्यांनी हे ऐकलं.

चार वाजता आम्ही उठलो. दोरी सोडून गुंडाळून दिली, कलिंगडाच्या साली उचलल्या. निवेदन घ्यायला कंपनीकडून कुणी आलं नाही. पोरं माझ्याकडे बघत नव्हती. कुलूप तोडलं असतं तर काहीतरी झालं असतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, आणि मला वाईट वाटलं, कारण त्या क्षणी मलाही तसंच वाटत होतं. शिवरामने गेट उघडलं, बायका आपापला कोयता घेऊन बाहेर आल्या. आई आली ती रिकामी पाटी घेऊन.

"आये, कोयता?"

"हाय ना आत."

"मग घेतला का नाहीस?"

"उद्या नेन."

मला वाटलं, दमली असेल. दुसऱ्या दिवशी ओहोटी दुपारी होती. आई बरोबर त्या वेळेला गेटवर गेली, तेही पाटी, खुरपं, पाण्याची बाटली असा सगळा सरंजाम घेऊन. शिवरामला म्हणाली, "माजा कोयता आत हाय." शिवरामने उघडलं. ती केबिनमध्ये डोकावली, कोयत्याकडे बघितलं आणि सरळ वाटेने खाडीत उतरली. पाणी चढायला लागल्यावर भरल्या पाटीने परत आली.

"कोयता, मावशी?" शिवरामने विचारलं.

"आज वझा झाला रं. उद्या नेते."

तिसऱ्या दिवशी प्रेमलाकाकी तिच्यासोबत गेली. म्हातारीला एकटीला कोयता उचलायचा नाही म्हणून. त्यानंतर एक कोयता आणायला गावातल्या आठ-दहा बायका जायला लागल्या, सगळ्या पाट्या घेऊन.

मला हे कळलं तेव्हा मी हसले नाही. मी वैतागले. आयुष्यभर मी पळवाटा काढणाऱ्या अशिलांना नावं ठेवत आले आणि माझीच आई! "आये, ही पळवाट आहे. सरळ सरळ फसवणूक आहे."

"फसवते कोनाला? कोयता आत नाय?"

"आहे."

"माजा नाय?"

"तुझाच आहे."

"मंग मी काय खोटा बोलले?" आणि मग कढीत मीठ टाकता टाकता म्हणाली, "तूच बोललेलीस ना, ये-जा तुटाला नको म्हनून. नाय तुटली."

मी तिला जे सांगितलं होतं ते तिने केलं होतं. एवढंच की त्याची किंमत काय हे मी सांगितलं नव्हतं. ती किंमत मला बाजारात गेल्यावर दिसली. सीवूड्सचं गिऱ्हाईक मासळी साफ करून मागतं, तुकडे करून मागतं. आई म्हणायची, "कापून नाय, आख्खा न्या." गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यावर जायचं. तिचा उजवा हात सवयीने ओंडक्याकडे जायचा, तिथे काही नसायचं, मग तो मांडीवर परत यायचा. मी त्याच संध्याकाळी नवा कोयता आणला. तिने तो उघडूनही पाहिला नाही.

"नवा आला मंग तिथं जुना कनाला ठेवलाय, इचारतील. काय सांगू? खोटा बोलू?"

तिचं शिक्षण चौथीपर्यंतच झालंय हे बरं आहे. नाहीतर माझं दुकान बंद झालं असतं.

काही दिवसांनी साहेबांचा फोन आला. कंपनीने तोंडी तक्रार केली होती. "मॅडम, तुमच्या आईंचा कोयता अजून तिथेच आहे म्हणे. नेणार कधी?"

"साहेब, कधीही या म्हणालात. कधीपर्यंत ते म्हणाला नव्हतात."

मग ते म्हणाले, "लेखी काही आलं तर मला तो जप्त करावा लागेल."

"करा. पंचनाम्यात लिहा की बाई रोज या वाटेने येते-जाते. माझ्या दाव्याला तो कागद फार उपयोगी पडेल."

"मी काही ऐकलं नाही," ते म्हणाले आणि फोन ठेवला. जप्तीला अजून तरी कुणी आलेलं नाही. मी त्या माणसाला मनात किती वेळा धन्यवाद दिले असतील. आणि तरीही मला ते बोचतं, की आमची वाट एका भल्या माणसाच्या कानाडोळ्यावर उभी आहे. उद्या त्याची बदली झाली तर? हक्क म्हणजे भला माणूस नसतानाही मिळतो तो. तो अजून तारखांमध्ये अडकलेला आहे.

गेल्या आठवड्यात आई तापाने पडली. सांधे धरलेले, कुशीवर वळता येईना. दुपारी ओहोटी होती. ती छताकडे बघत म्हणाली, "जागृती, आज कोन जाल?"

"बायका जातील की."

"त्यांचा कोयता हाय का आत?"

माझी त्या दिवशी तारीख होती. मी ज्युनिअरला उभं केलं, आईची पाटी उचलली आणि निघाले. निघताना ती म्हणाली, "खोटा नाय बोलाचा. हाय तेवराच सांग."

गेटशी बायका थांबल्या होत्या. मला बघून बाजूला झाल्या. प्रेमलाकाकीसुद्धा, जी आंदोलनाच्या दिवसापासून माझ्याशी तुटक बोलत होती. शिवराम गजांपाशी आला. "मावशी कुठायत?"

"ताप आहे."

"मग तुम्ही?"

मी कोर्टात एवढी वर्षं उभी राहते, पण इतकं जपून वाक्य मी कधी उच्चारलं नसेल. "आईचा कोयता आत आहे," मी म्हटलं.

त्याने कुलूप काढलं. केबिनमध्ये स्टुलाखाली, त्याच्या जेवणाच्या डब्याशेजारी, फडक्यात गुंडाळलेला कोयता होता. मी फडकं सोडलं. खाडीच्या खाऱ्या हवेत इतके दिवस पडून होता तो, म्हणजे गंजाने खाल्लेला असणार असं मला वाटलं होतं. पण पात्यावर ठिपका नव्हता, बोटाला तेल लागलं.

"रोज पुसतो मी," शिवराम जरा ओशाळून म्हणाला. "खराब झाला तर मावशी घेऊन जातील ना."

मी कोयता गुंडाळून जिथल्या तिथे ठेवला. चपला हातात घेतल्या. ट्रॅक सोडून पुढची वाट पायाला ओळखीची निघाली, लहानपणी होती तशीच, फक्त दोन्हीकडची तिवरं उंच झाली होती. मला शिंपल्या नीट काढता येत नाहीत, सगळ्याजणी हसत होत्या, काकीने आपल्यातल्या मूठभर माझ्या पाटीत टाकल्या. पाणी परतायला लागलं तशा आम्ही वर आलो.

शिवराम गेट धरून उभा होता. बायका एकेक करून बाहेर पडल्या, मी शेवटी.

"कोयता?" त्याने विचारलं.

"उद्या," मी म्हटलं.

त्याने कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली.

"उद्या कितीला?"

मी खाडीकडे वळून पाण्याकडे बघितलं. "आजच्यापेक्षा पाऊण तास उशिरा," मी सांगितलं.

"बरं," तो म्हणाला, "मग जेवण लवकर उरकून घेतो."